पिवळ्या टॅगची एकशे चव्वेचाळीस पानं

बाबा गेले त्या दिवशी आमच्या गॅलरीत तंबाखूची एकशे चव्वेचाळीस पानं टांगलेली होती आणि प्रत्येक पानाच्या देठाला नंबर घातलेला पिवळा टॅग होता. पिवळा टॅग म्हणजे निर्णय बाकी. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. चौतीस वर्षं कंपनीच्या क्वालिटी खात्यात काढलेला माणूस घरी बसला की कशाची ना कशाची तपासणी करणारच, हे आईने त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातच ओळखलं होतं. पहिल्या महिन्यात त्यांनी दुधाच्या पिशव्या वजन करून पाहिल्या. दुसऱ्या महिन्यात ते पोळ्यांचा व्यास मोजायला लागले, तेव्हा आई म्हणाली, "गॅलरीत काहीतरी लावा बघू." तिच्या मनात गुलाब होता.

तंबाखूचं बी सारजाबाईंनी दिलं. सारजाबाई मोशीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. आमच्या सोसायटीच्या कुंपणापलीकडे त्यांचा एक तुकडा अजून शिल्लक आहे, त्यातली मेथी-कोथिंबीर त्या आमच्या फाटकाशी विकतात. पन्नास वर्षं त्या दातांना मिशेरी लावत आल्या आहेत आणि हल्ली दुकानात मिळते ती मिशेरी नसून वीटभट्टीची राख असते असं त्यांचं मत आहे. बाबा रोज जुडी घ्यायला जायचे आणि जुडीपेक्षा जास्त मतं घेऊन यायचे. त्यातूनच एक दिवस बाटलीच्या बुचात मावेल एवढं बी घरी आलं. अट एकच होती. बी दिलं की पहिल्या पिकातलं मूठभर देणाऱ्याला परत द्यायचं, ही त्यांच्या घरची रीत. "नागपंचमीला देतो," असं बाबांनी तारीखवार सांगून टाकलं.

स्वतः बाबांनी तंबाखू सोडून बावीस वर्षं झाली होती. ते तंबाखूमुळे गेले असा अर्थ कुणी काढू नये. भेटायला आलेल्यांपैकी चौघांनी काढला, म्हणून मुद्दाम सांगते. ते हृदयविकाराने गेले, सत्तावीस जूनला सकाळी साडेआठला, नोंदवहीत सकाळची आर्द्रता लिहून झाल्यावर.

या नोंदवहीबद्दल सांगायला हवं. गॅलरीच्या भिंतीवर त्यांनी हवेतला दमटपणा दाखवणारं एक घड्याळासारखं यंत्र लावलं होतं. रोज सकाळी सातला ते आकडा वाचायचे, मोठ्याने सांगायचे आणि लिहायचे. "एकोणसत्तर," ते गॅलरीतून म्हणायचे. स्वयंपाकघरातून आई म्हणायची, "मग मी काय करू?" हा संवाद पानं टांगल्यापासून रोज व्हायचा. शेवटच्या रकान्यात ते शेरा लिहायचे, ठीक. महिनाभर रोज ठीक. सारजाबाईंनी त्यांना आधीच सांगितलं होतं, "दौलतराव, तंबाखू थंडीत वाळती. पावसात वाळवाया ती काय धुनं हाय?" त्यावर बाबांचं उत्तर असं की, प्रोसेस कंट्रोलमध्ये असली की सीझनचा प्रश्न येत नाही.

ते गेल्यावर तेरा दिवस गॅलरीत कुणी पानांकडे पाहिलं नाही. चौदाव्या दिवशी मी पाहिलं, तर सदतीस नंबरच्या पानाच्या शिरेवर पांढरं काहीतरी होतं. मला ती धूळ वाटली. मी फडकं घेऊन आले. आई मागे उभी होती.

"बुरशी आहे ती," ती म्हणाली. "लोणच्यावर येते तशी."

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते आणि कुठलीही अडचण आली की आधी पुस्तक काढते. बुरशीवरची तीन पुस्तकं काढली. बुरशीचं जगणं किती चिवट असतं, एक सूक्ष्म कण किती वर्षं वाट पाहू शकतो, हे मी दोन दिवस फार रस घेऊन वाचलं. तेवढ्यात अडतीस, एकोणचाळीस आणि चाळीस नंबर गेले.

त्याच संध्याकाळी सारजाबाई भेटायला आल्या. आईजवळ बसून त्या खूप रडल्या. डोळे पुसले. मग गॅलरीकडे बघून म्हणाल्या, "सुमनताई, आता तोंडातनं काढू ने, पन माजं मूठभर हाय ना त्येच्यात?"

"आहे की," आई म्हणाली.

"त्यांनी सबूद दिला व्हता म्हनून म्हनते. न्हाई झालं तरी चालंल."

न्हाई झालं तरी चालंल, हे त्यांनी अशा आवाजात म्हटलं की ते चालणार नाही हे आम्हा दोघींनाही कळलं. बाबांनी चौतीस वर्षांत एकही माल उशिरा सोडला नव्हता. नागपंचमी एकोणीस दिवसांवर होती.

आता सांत्वनाला येणाऱ्यांची गंमत अशी असते की पहिल्या तीन वाक्यांनंतर त्यांच्याकडे काही उरत नाही. कसं झालं, केव्हा झालं, चांगला माणूस होता. मग सगळे पंख्याकडे बघतात. आमच्याकडे मात्र बुरशी होती. तिने सगळ्यांची सोय केली. चौथ्या वाक्याला पाहुणा गॅलरीकडे वळायचा, आणि तिथून परत येताना त्याच्या चेहऱ्यावर आपण उपयोगी पडू शकतो असा उजेड असायचा. थेरगावच्या मावसकाकांनी हळदीचं पाणी सांगितलं. समोरच्या वर्तकवहिनींनी कडुनिंबाची धुरी सांगितली. खालच्या मजल्यावरच्या दिपालीने हेअर ड्रायर आणून दिला आणि थंड हवेवर ठेवा असं बजावलं. नानासाहेबांनी कापूर सांगितला. मी एकेक करून पाहिलं. कापराने बुरशी गेली नाही, पण पुढचे चार दिवस आमच्या घरात शिरणारा प्रत्येक माणूस चपला काढून हात जोडायचा.

नानासाहेब आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. पुष्पगंध हाइट्स ही तंबाखूमुक्त सोसायटी आहे, तसा बोर्ड फाटकावर आहे, आणि त्या बोर्डाला कुठल्याशा स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालेलं आहे. नानासाहेब रोज जेवणानंतर पार्किंगमध्ये आपल्या बंद गाडीत काचा वर करून दहा मिनिटं एकटेच बसतात. ते तिथे काय करतात हे सगळ्या सोसायटीला माहीत आहे, पण गाडी कॉमन एरियात मोडत नाही.

कापूर सांगून जाताना त्यांनी एक पान खुडलं. "तपासायला लागेल," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर नोटीस आली. सचिव ज्योतीरामकाकांची. "फ्लॅट ५०३ मधून तंबाखूसदृश वास येत असल्याची तोंडी तक्रार प्राप्त झाली आहे. आपली सोसायटी तंबाखूमुक्त असल्याने असा वास येणे शक्य नाही. तरी संबंधितांनी सात दिवसांत खुलासा करावा." त्याच ग्रुपवर थोडं वर सरकवलं की त्यांनीच वाहिलेली भावपूर्ण श्रद्धांजली होती.

नोटिशीची कागदी प्रत द्यायला काका स्वतः आले. तेही क्वालिटीतून निवृत्त. खरं तर आमच्या कमिटीतले सगळेच कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या क्वालिटीतून निवृत्त झालेले आहेत, त्यामुळे आमच्याकडे पाण्याची टाकी ओसंडली तरी आधी फॉर्म भरला जातो आणि मग नळ बंद होतो. काकांनी माझ्या हातात नोटीस दिली, सही घेतली, आणि जाता जाता त्यांची नजर नोंदवहीवर पडली. ते खाली बसले. चष्मा लावला. पंधरा मिनिटं पानं उलटत राहिले.

"रोज एकदाच रीडिंग," ते म्हणाले. "दौलतराव, दौलतराव. मी असतो तर दोनदा घेतलं असतं." मग माझ्याकडे वळले. "आता कोण बघतंय हे?"

"मी."

"प्रोसेसचा काही अनुभव?"

"मी एम.ए. आहे, काका."

"असू दे, असू दे," ते म्हणाले.

त्या दिवसापासून ते एका हाताने आम्हाला पानं काढायला सांगत होते आणि दुसऱ्या हाताने ती वाचवायच्या मागे लागले होते. त्यांच्या मते या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या फायलींतल्या होत्या.

खुलाशात काय लिहायचं यावर नानासाहेबांनी तोडगा काढला. पीक घेतलंय ना, मग सरकारी कागद जोडा, विषय मिटला. राजगुरुनगरच्या एका कचेरीत त्यांचा मेहुणा कामाला होता. मी एक दिवसाची रजा टाकली. मेहुणा रजेवर होता. टेबलाशी एक बाई होत्या, त्यांनी फॉर्म पुढे ओढला.

"पीक?"

"तंबाखू."

"क्षेत्र?"

"नऊ बादल्या."

त्यांनी पेन थांबवलं. "गुंठ्यात सांगा."

मी मोबाइलवर हिशेब केला. "गुंठ्याचा एकशे साठावा भाग."

"सातबारा आणलाय?"

"गॅलरीचा?"

"पीक कुणाच्या नावाने आहे?"

"वडिलांच्या. ते गेले मागच्या महिन्यात."

"अरेरे," बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. "मग आधी वारसनोंद करावी लागेल." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "बुरशी धरली असेल ना या हवेत? ताक मारून बघा. आमच्या सासऱ्यांनी द्राक्षावर मारलं होतं." मी निघताना त्यांनी पत्ता वाचला आणि मोशी त्यांच्या कार्यालयाकडे येतच नाही हे सांगितलं. ताक मी मारलं नाही. तेवढा माझ्यात विवेक शिल्लक होता. निरंजन भेटेपर्यंत.

निरंजन आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. चाकणच्या एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये इंजिनिअर आहे आणि बाबांना तो फार मानायचा. लिफ्टमध्ये त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तुम्ही उगाच त्रास घेताय. आमच्याकडे ह्युमिडिटी चेंबर आहे. पाहिजे तेवढी आर्द्रता सेट करता येते. शुक्रवारी ठेवतो, सोमवारी घ्या."

हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. विज्ञान आलं. कापूर, ताक आणि हेअर ड्रायरच्या गर्दीत शेवटी कुणीतरी आकड्यांत बोलणारं भेटलं. पहिल्या बारा नंबरची पानं, नमुना म्हणून, मी त्याच्या डब्याच्या पिशवीत नीट रचून दिली.

सोमवारी तो लिफ्टने न येता जिन्याने आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत हिरवट करडी लव आलेलं काहीतरी होतं. ते मांजराचं पिल्लू असावं असं आईला क्षणभर वाटलं.

चेंबर आर्द्रता हवी तेवढी ठेवतं हे खरं होतं. पण त्या यंत्राचं काम लोखंडाच्या पार्टांना गंज चढतो का ते पाहणं हे आहे. त्या आठवड्यात कुणाचेतरी ब्रॅकेट लागलेले होते, आणि सेटिंग होतं चाळीस अंश, पंच्याण्णव टक्के, बहात्तर तास. निरंजनने पानं ब्रॅकेटांच्या शेजारी ठेवली आणि सेटिंग बदलायचं दुसऱ्या शिफ्टच्या माणसाला सांगितलं. दुसऱ्या शिफ्टच्या माणसाने कामात कसूर केली नाही. त्याने पानांची रीतसर टेस्ट केली. पिशवीला रिपोर्ट जोडलेला होता. "नमुना: पान, तपकिरी, १२ नग. गंज: आढळला नाही. निकाल: पास."

"सॉरी ताई," निरंजन म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. मीच त्याला चहा करून दिला. घरात दुःख आमचं होतं, पण त्या महिन्यात आम्ही बऱ्याच लोकांना सावरलं.

अपराधाच्या भरात त्याने दोन दिवसांनी ओलावा शोषणाऱ्या पुड्या आणल्या. चाकणहून माल परदेशी जातो तेव्हा खोक्यात टाकतात तसल्या, पण मोठ्या, ऐंशी नग. आम्ही गॅलरी प्लॅस्टिकने बंद केली आणि पुड्या टांगल्या. चोवीस तासांत काटा चाळीसवर आला. मी नोंदवहीत चाळीस लिहिलं. मी रोज लिहीत होते, पण मनातल्या मनात वाचून. तो आकडा मोठ्याने म्हणायची हिंमत मला होत नव्हती, आणि आईही काही विचारत नव्हती.

सकाळी आईने धुणं वाळत घालायला गॅलरीचं दार उघडलं आणि प्लॅस्टिक बाजूला सारलं. उजवीकडच्या दोरीवरून वाऱ्याची एक झुळूक गेली आणि पानं पापडासारखी वाजली. मी धावत जाऊन त्यांना धरायला गेले. एक्केचाळीस पानांचा भुगा झाला, त्यातला बराचसा चौथ्या मजल्यावरच्या धुण्यावर पडला. दोरीवर फक्त पिवळे टॅग हलत राहिले.

सारजाबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं पोरी, वाळल्या पानाला असा हात लावत्यात व्हय? हवा ओली आसंल तवा पान नरम पडतं, मग हात लावायचा. तुज्या बाला ठावं व्हतं. तू एवढी शिकल्याली."

शिकलेलीचा उल्लेख त्यांनी नंतरही दोनदा केला.

पुड्या काढल्या. पावसाळी हवा आत आली. उरलेली पानं नरम पडली आणि डाव्या कोपऱ्यातल्या पानांच्या जाड शिरा, ज्या आतून कधी वाळल्याच नव्हत्या, पुन्हा पांढऱ्या व्हायला लागल्या. नागपंचमी सहा दिवसांवर आली होती. ज्योतीरामकाकांनी क्लबहाऊसमध्ये बैठक बोलावली. विषयपत्रिकेवर दोन विषय होते. एक, फ्लॅट ५०३ मधील तंबाखू तात्काळ हटवणे. दोन, सदर तंबाखूला लागलेल्या बुरशीचे मूळ कारण शोधणे. दुसरा विषय आधी घ्यायचा ठरला, कारण तंबाखू हटवल्यावर कारण शोधायला काही राहिलं नसतं.

मी गेले. निरंजन आला, शेवटच्या खुर्चीवर बसला. दार लागता लागता आई आली. बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच खाली उतरली होती. सगळे उभे राहिले. तिने हाताने बसा म्हटलं.

मूळ कारण शोधायची कारखान्यांत एक पद्धत आहे. पाच वेळा का विचारायचं. प्रत्येक उत्तराला पुन्हा का. पाचव्या का-ला खरं कारण हाती लागतं. कुणी केलं असं मात्र विचारायचं नाही, त्याने माणसं खोटं बोलतात. बाबा मला लहानपणी परीक्षेत मार्क कमी पडले की असेच पाच का विचारायचे. पाचवं उत्तर नेहमी मीच असायचे.

काकांनी फळ्यावर रेघा मारल्या, मार्कर उघडला. "पानांना बुरशी का लागली?"

"शीर ओली राहिली," मी म्हटलं. एवढं मी पुस्तकात वाचलं होतं.

त्यांनी लिहिलं. "का?"

"वारा लागला नाही," निरंजन म्हणाला.

"का?"

"पानं एकमेकांना चिकटून होती. डाव्या कोपऱ्यात."

"का?" काकांनी नोंदवहीचं पहिलं पान उघडून दाखवलं. "दौलतरावांनी इथे स्वच्छ लिहिलंय, दोन पानांत चार बोटं अंतर. तो माणूस अंतर चुकवणार नाही."

"दोऱ्या सगळ्या डावीकडे सरकवलेल्या आहेत," मी म्हटलं. "मी पाहिलं तेव्हापासून तशाच आहेत."

"कुणी सरकवल्या?"

"ज्योतीराम, कुणी विचारायचं नाही," नानासाहेब म्हणाले. "पद्धतीत का असतो."

"तुम्हीच सरकवल्या, भावजी," आई काकांना म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. कोथिंबीर फ्रीजमध्ये आहे हे सांगावं तशी ती बोलली. "खुर्च्या लावायला. सत्तावीस तारखेला."

काकांनी चौथं उत्तर लिहिलं. दोऱ्या सरकवल्या, खुर्च्या लावण्यासाठी. मग सवयीने त्यांच्या हाताने खालच्या ओळीत पाचवा का लिहिला. प्रश्नचिन्हाचा ठिपका दिला आणि ते थांबले.

क्लबहाऊसच्या कॅरमवर कुणाचीतरी पावडर सांडलेली होती, नानासाहेब ती बोटाने एका जागी गोळा करत राहिले. काकांनी आमच्याकडे पाठ करून बराच वेळ फळ्याकडे पाहिलं. पाचव्या ओळीपुढे त्यांनी काहीच लिहिलं नाही. पण त्यांच्या फॉर्मला शेवटी एक रकाना असतो, पुन्हा घडू नये म्हणून उपाय. तो रिकामा सोडता येत नाही. बाबाही सोडत नसत. काकांनी त्यात बारीक अक्षरात लिहिलं, लागू नाही. मार्करला टोपण लावलं आणि खाली बसले.

"चला," आई म्हणाली. "दोऱ्या सरकवू."

पहिला विषय घ्यायचा राहून गेला.

सगळे वर आले. खराब पानं आधी वेगळी केली. काकांनी खिशातून लाल टॅग काढले. ते त्यांच्या खिशात का होते हे विचारण्यात अर्थ नाही. अठ्ठावन्न पानांना लाल टॅग लागला. चांगल्या पानांच्या शिरा निरंजनने ब्लेडने चिरून उघड्या केल्या, मी प्रत्येक पान व्हिनेगरच्या फडक्याने पुसलं. मग अंतराचा प्रश्न आला. चार बोटं, पण कुणाची? काकांची बोटं जाड, माझी बारीक. आयुष्यभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी भांडलेल्या माणसाने चार बोटं लिहावं, याचा कमिटीला धक्का बसला होता.

"त्यांची चार म्हणजे माझी पाच," आई म्हणाली.

तिने दोरीवर हात ठेवला. पाच बोटं. खूण केली. पुन्हा पाच बोटं. हे माप कुठल्याच नोंदवहीत नव्हतं. आम्ही तिच्या खुणांवर पानं बांधत गेलो.

शेवटी काकांनी मोजणी केली. चेंबरमध्ये बारा, भुगा एक्केचाळीस, लाल अठ्ठावन्न. उरायला हवीत तेहतीस. दोरीवर होती एकोणतीस. काकांनी दोनदा मोजलं. चार पानांचा हिशेब लागेना. कुणीच नानासाहेबांकडे पाहिलं नाही. नानासाहेब दोऱ्यांसमोर आणून ठेवलेल्या टेबलफॅनची बैठक पक्की आहे का ते हलवून बघत होते.

टेबलफॅन पाच दिवस, पाच रात्री चालला. "माणसाला कधी एवढा वारा घातला नाही मी," आई एकदा म्हणाली आणि उठून फॅनची दिशा किंचित बदलून आली. पुन्हा बुरशी दिसली नाही. शीर वाकवली की ती आता काडीसारखी मोडत होती. पाचव्या दिवशी सारजाबाई आल्या आणि त्यांनी आणखी एक अडचण काढली. नागपंचमीला चुलीवर तवा ठेवत नाहीत, भाजत नाहीत. बाबांनी नेमका तोच दिवस कबूल केला होता. म्हणजे मिशेरी आदल्या दिवशी, म्हणजे आजच, भाजायला हवी होती. आणि सारजाबाईंच्या सुनेने नव्या घरात इंडक्शन घेतलं होतं, त्यावर खापर चालत नाही.

"आमच्याकडे भाजा," आई म्हणाली.

हे त्याच बाईने म्हटलं, जिने बावीस वर्षांपूर्वी बाबांची चंची जुन्या घराच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली टाकली होती.

तंबाखू भाजताना काय होतं याचा अंदाज एम.ए.ला येत नाही. पहिल्या दोन मिनिटांत माझे डोळे गेले. चौथ्या मिनिटाला धूर डक्टमधून वर चढला आणि पुष्पगंध हाइट्सचे सात मजले एकामागून एक शिंकले. ग्रुपवर कुणीतरी गॅस लीक लिहिलं, कुणीतरी मिरची लिहिलं, दिपालीने लहान मुलांना खाली न्यायची सूचना केली. आई आणि सारजाबाई तोंडाला पदर लावून खापराशी उभ्या होत्या, एक हलवत होती, दुसरी कमी आच, कमी आच म्हणत होती. तेवढ्यात बेल वाजली. दारात ज्योतीरामकाका आणि नानासाहेब. काकांच्या हातात कागद होता. ते बोलायला गेले आणि पाच वेळा शिंकले. नानासाहेब शिंकले नाहीत. डोळे मिटून त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला.

मिशेरी पाट्यावर वाटली आणि डबीत भरली. सारजाबाईंनी चिमूटभर तळहातावर घेतली, वास घेतला, तर्जनीने दाताला लावली आणि खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या. आम्ही चौघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. काकांनी नोटिशीची घडी घालून खिशात ठेवली होती.

"बुरशीचा वास?" काकांनी विचारलं.

"न्हाई."

"ओल?"

"न्हाई."

"मग?"

सारजाबाईंनी तर्जनी पुन्हा एकदा दातांवरून फिरवली. "म्या सांगितलं व्हतं त्यांना," त्या म्हणाल्या, "थंडीत वाळवा. आयकलं असतं तर लई भारी उतरली असती." आणि मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "जमलीया. घेते मी."

काकांनी दुसऱ्या खिशातून हिरवा टॅग काढला. डबीला बांधताना त्यांना गाठ जमेना, शेवटी आईने बांधली.

बैठकीचं इतिवृत्त दुसऱ्या दिवशी ग्रुपवर आलं. "फ्लॅट ५०३ मधील वासाचा शोध घेण्यात आला. वास आढळला नाही. विषय बंद." खाली अध्यक्षांची सही होती.

नागपंचमीच्या सकाळी मी सातला गॅलरीत गेले. जायचं काही कारण नव्हतं. दोऱ्या रिकाम्या होत्या, त्यांच्यावर आईच्या बोटांच्या अंतरावर पेनाच्या खुणा होत्या. फॅन चालूच राहिला होता. मी यंत्राकडे पाहिलं, नोंदवही उघडली.

"एक्याऐंशी," मी मोठ्याने म्हटलं.

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला. मग नळ सुरू झाला.

"मग मी काय करू?" आई म्हणाली.

मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ठीक.